गुप्तरोग, सक्ती आणि नोंदवही

इ. स. १८६८ चा चौदावा कायदा, म्हणजे हिंदुस्थानातील सांसर्गिक रोगांचा कायदा, आपल्याकडील आरोग्यविषयक इतिहासात बहुधा एका वाक्यात आटोपला जातो. तो अवघी वीस वर्षे टिकला, १८८८ साली रद्द झाला, आणि पुढे प्लेगच्या दंगलीत त्याची आठवणही बुजली. परंतु कायदा रद्द झाला म्हणून त्यामागील विचार रद्द झाला असे नव्हे. एड्सची साथ येताच तो विचार शंभर वर्षांनी पुन्हा डोके वर काढताना दिसतो. यास्तव त्या विस्मृत कायद्याची चर्चा येथे थोडी विस्ताराने करावयाची आहे.

कायद्याचे मूळ लष्करात होते. हिंदुस्थानातील गोऱ्या फौजेच्या आरोग्याविषयी नेमलेल्या शाही आयोगाचा अहवाल १८६३ साली प्रसिद्ध झाला, व दुसऱ्याच वर्षी छावण्यांचा कायदा संमत होऊन छावणीतील वेश्यांवर वैद्यकीय देखरेख सुरू झाली. १८६८ च्या कायद्याने तीच व्यवस्था शहरांना लागू करण्याची सोय केली. देहविक्रय करणाऱ्या स्त्रीने आपले नाव नोंदवावे, ठराविक मुदतीने तपासणीस हजर राहावे, आणि रोग आढळल्यास ‘लॉक हॉस्पिटल’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या रुग्णालयात अडकून पडावे, असा त्याचा क्रम होता. चुकणारीस दंड अथवा कैद. तिच्याकडे येणाऱ्या पुरुषाच्या तपासणीविषयी मात्र कायद्यात अवाक्षर नव्हते.

येथे वैद्यकशास्त्राची तत्कालीन स्थिती ध्यानात घेतली पाहिजे. परम्याचा जंतू नायसरने १८७९ साली ओळखला. उपदंशाचा जंतू १९०५ साली सापडला, आणि वासरमनची रक्तपरीक्षा १९०६ ची. म्हणजे ज्या काळी या स्त्रियांना डॉक्टरापुढे उभे करण्यात येत होते, त्या काळी निरोगी कोण व रोगी कोण हे खात्रीने सांगण्याचे साधनच डॉक्टराजवळ नव्हते. उपचार म्हणावा तर पाऱ्याचा. डोळ्यांना दिसणाऱ्या व्रणावरून स्वातंत्र्य हिरावले जाई, आणि व्रण भरल्यावर तीच स्त्री ‘निर्दोष’ ठरून परत जाई. शास्त्राच्या नावाखाली चाललेल्या या व्यवहारात शास्त्राचा वाटा किती अल्प होता!

मुंबईत हा कायदा १८७० साली अंमलात आला, १८७२ साली थांबला, १८८० साली पुन्हा लागू झाला. खर्च सरकारने सोसावा की नगरपालिकेने, या वादानेच पहिल्या खेपेस त्याचा बळी घेतला. त्या स्त्रियांच्या हालांशी या स्थगितीचा फारसा संबंध नव्हता, हे नमूद करणे प्राप्त आहे. कलकत्त्यात नोंदणी चुकविण्यासाठी कित्येकींनी फ्रेंच अंमलाखालील चंद्रनगर गाठले. पळणे ज्यांना शक्य होते त्या नोंदवहीबाहेर राहिल्या. नोंदवहीत सापडल्या त्या गरीब आणि निराधार. नोंदवही भरत होती, परंतु रोगाविषयी सरकारचे ज्ञान वाढत नव्हते, उलट घटत होते. माझ्या मते कायद्याच्या अपयशाचे मर्म नेमके येथे आहे. ज्याला पकडले जाण्याची भीती आहे तो आपला रोग सांगत नाही, आणि मग आरोग्यखात्याला रोगाऐवजी केवळ बंदिवान मोजता येतात.

पुढील घटनाक्रम परिचित आहे. १८८६ साली सरसेनापतींच्या कार्यालयातून निघालेल्या एका परिपत्रकात पलटणींच्या बाजारांत पुरेशा संख्येने आणि पुरेशा आकर्षक स्त्रिया ठेवण्याची सूचना होती. मुंबईच्या ‘बॉम्बे गार्डियन’चे संपादक आल्फ्रेड डायर यांनी या व्यवस्थेविरुद्ध मोहीम चालविली, विलायतेत गहजब झाला, आणि कायदा गेला. मात्र एक सावधगिरी हवी. कायदा रद्द झाल्यावर फौजेतील गुप्तरोगाचे प्रमाण घटले नाही. १८९५ च्या सुमारास ते हजारी पाचशेच्या वर चढले, आणि १८९७ साली लष्कराने देखरेखीचा मार्ग वेगळ्या नावाने पुन्हा मोकळा करून घेतला. तेव्हा केवळ आकड्यांवर भिस्त ठेवून सक्तीविरुद्धचा खटला जिंकता येत नाही, हे सुधारकांच्या चाहत्यांनी मान्य करावे.

१९८६ साली मद्रासेत डॉ. सुनीती सोलोमन व त्यांच्या विद्यार्थिनी निर्मला यांच्या संशोधनातून देहविक्रय करणाऱ्या काही स्त्रियांच्या रक्तात एच. आय. व्ही. चा पुरावा मिळाला. हा शोध मोठाच. परंतु त्यानंतर तमिळनाडूत बाधित स्त्रियांना शिक्षेची मुदत संपूनही सुधारगृहांत डांबून ठेवण्यात आले, आणि त्यांच्या सुटकेसाठी उच्च न्यायालयात जावे लागले. गोव्यात तर सक्ती एका रक्तदात्यावर येऊन आदळली. १९८९ च्या फेब्रुवारीत डॉमिनिक डिसोझा या तरुणाला पोलिसांनी नेऊन म्हापशाच्या एका जुन्या क्षयरुग्णालयात चौसष्ट दिवस एकटे ठेवले. राज्याच्या आरोग्य कायद्यात बाधिताला वेगळे ठेवण्याचे कलमच घातलेले होते. आई लुसी डिसोझा यांनी दाद मागितली. दरम्यान वेगळे ठेवणे अनिवार्य न ठेवता ऐच्छिक करण्यात आले, पण उच्च न्यायालयाने व्यक्तीच्या हक्कापेक्षा समाजहिताला वजन देऊन कायदा मूलतः उचलून धरला. लॉक हॉस्पिटलचा युक्तिवाद आता स्वतंत्र भारताच्या न्यायालयात ग्राह्य ठरत होता. स्वखुशीने रक्त देणारा जर असा कोंडला जातो, तर स्वखुशीने तपासणीस कोण येईल, हा प्रश्न मात्र तसाच राहिला.

त्याचे उत्तर निराळ्याच जागी मिळू लागले. १९९२ साली डॉ. स्मरजित जाना यांनी कलकत्त्याच्या सोनागाछीत जे काम आरंभिले त्यात तेथील स्त्रियांनाच आरोग्यसेविका केले. त्यांतूनच १९९५ साली ‘दुर्बार महिला समन्वय समिती’ उभी राहिली. निरोध वापरण्याचा आग्रह एकटीने धरला तर गिऱ्हाईक शेजारच्या दारी जाते. सर्वजणींनी मिळून धरला तर ते जाणार कोठे? वैद्यकाचा प्रश्न येथे संघटनेचा होतो. सांगलीत ‘संग्राम’ने १९९२ पासून व तेथील स्त्रियांच्या ‘व्हॅम्प’ या संघटनेने १९९६ पासून हीच वाट धरली. मुंबईच्या वेश्यावस्तीत त्या दशकात निम्म्याहून अधिक स्त्रिया बाधित आढळत होत्या, हे लक्षात घेतले म्हणजे या कामाची निकड कळते.

संसदेने २०१७ साली केलेला व १० सप्टेंबर २०१८ पासून अंमलात आलेला एच. आय. व्ही. व एड्स कायदा संमतीवाचून तपासणी करण्यास मनाई करतो, आणि बाधितास वेगळे काढून ठेवणे हा भेदभाव मानतो. डॉमिनिक डिसोझा १९९२ सालीच वारले होते. लॉक हॉस्पिटलांतील स्त्रियांपैकी बहुतेकींची तर नावेही उरलेली नाहीत. त्यांच्या स्वतःच्या शब्दांच्या जवळ जाणारे साधन म्हणजे नोंदवहीतून नाव कमी करावे म्हणून केलेले अर्ज, आणि तेही दुसऱ्या कोणी लिहून दिलेले.