आजारपणाचा विमा : इंग्लंडांतील एक जुना वाद

आजारी माणसाच्या औषधपाण्याचा खर्च त्यानें स्वतः सोसावा, त्याच्या भाईबंदांनीं वर्गणी काढून सोसावा, विमा कंपनीनें सोसावा, कीं सरकारनें सोसावा, हा प्रश्न वरवर पाहतां हिशेबाचा वाटतो. परंतु इंग्लंडांत १९११ पासून १९४८ पर्यंत या प्रश्नानें मंत्र्यांची झोंप उडविली, डॉक्टरांस लढाईच्या पवित्र्यांत उभें केलें, आणि एकदां तर थोरामोठ्यांच्या घरच्या स्त्रियांस त्यांच्या मोलकरणींसह सभागृहांत आणून बसविलें. या वादाची हकीकत सांगतांना सरकार एका बाजूस व खासगी संस्था दुसऱ्या बाजूस अशी सरळ रेघ ओढण्याचा प्रघात आहे. प्रत्यक्षांत ती रेघ बरीच वांकडीतिकडी आहे.

एकोणिसाव्या शतकांतील इंग्रज मजुरास सरकारचा आधार मिळे तो दरिद्री लोकांसाठीं केलेल्या कायद्याखालीं. तो घेणें म्हणजे चार लोकांत मान खालीं घालणें. म्हणून सुतार, गवंडी, खाणवाले यांनीं आपसांत ‘फ्रेंडली सोसायट्या’ स्थापिल्या. ऑडफेलोज, फॉरेस्टर्स अशीं त्यांचीं नांवें. आठवड्यास कांहीं पेन्स भरावे, आजारांत भत्ता मिळावा, संस्थेनें नेमलेल्या डॉक्टरानें तपासावें, आणि मृत्यु आल्यास अंत्यविधीचा खर्च भागावा, अशी ही व्यवस्था होती. ती खासगी होती खरी, पण तींत कोणाचा नफा नव्हता. डॉक्टर मात्र या संस्थांवर मनांतून चिडलेले असत. मोबदला तुटपुंजा, आणि वर हातावर पोट असलेल्या माणसांची समिति विद्वान डॉक्टरास जाब विचारणार! डॉक्टरांचें हें शल्य पुढें फार उपयोगीं पडलें.

ज्यांस तेवढेहि पेन्स परवडत नसत, त्यांच्या दारीं विमा कंपन्यांचे वसुलीवाले येत. ते पेनी पेनी गोळा करीत, आणि विकीत तो बहुधा अंत्यविधीपुरता विमा. जिवंतपणीं औषध मिळण्याची सोय नाहीं, पण मेल्यावर शवपेटीची निश्चिति, असा तो प्रकार होता.

सरकारनें यांत हात घालावा ही कल्पना जर्मनींतून आली. बिस्मार्कनें १८८३ सालीं आजाराचा सक्तीचा विमा सुरू केला. वर्गणीचे दोन भाग कामगाराचे, एक भाग मालकाचा. यांत भूतदया किती होती हा प्रश्नच आहे. १८७८ पासून समाजवाद्यांवर बंदी घातलेली होती, आणि चाबकाबरोबर थोडी साखरहि हातीं असावी हें त्या मुत्सद्द्यास चांगलें कळत होतें. १९०८ सालीं लॉइड जॉर्ज जर्मनीस जाऊन ती योजना पाहून आले. त्यांचा राष्ट्रीय विम्याचा कायदा १९११ च्या डिसेंबरांत मंजूर झाला. आठवड्यास कामगाराचे चार पेन्स, मालकाचे तीन, सरकारचे दोन. कार्डावर तिकिटें चिकटवावयाचीं. आजारांत पुरुषास आठवड्यास १० शिलिंग आणि डॉक्टर फुकट.

विरोध तिन्ही बाजूंनीं झाला. नोकरांच्या कार्डांवर तिकिटें चिकटविण्याची पाळी येणार म्हणून मालकिणी संतापल्या, व २९ नोव्हेंबर १९११ रोजीं लंडनच्या अल्बर्ट हॉलमध्यें मालकिणी आणि मोलकरणी यांची एकत्र सभा भरली. हा विरोध दिसावयास मोठा, पण पोकळ होता. खरें बळ कंपन्यांचें होतें. त्यांचे हजारों वसुलीवाले दर आठवड्यास मतदारांच्या दारांत उभे राहत. त्यांच्या धसक्यानें लॉइड जॉर्ज यांस विधवांच्या वेतनाची कल्पना योजनेंतून वगळावी लागली. आणि कंपन्यांसहि ‘मान्य मंडळें’ स्थापून फ्रेंडली सोसायट्यांच्या पंक्तीस बसण्याची मुभा मिळाली. या मंडळांत नफा घेतां येत नसे. पण त्या निमित्तानें घराघरांत शिरकाव होई, आणि व्यापाऱ्यास तेवढेंहि पुरें असतें. म्हणजे ज्यास सरकारी विमा म्हणावयाचें, त्याचा कारभार पहिल्या दिवसापासून खासगी हातांत होता!

डॉक्टरांचा विरोध निराळा. ‘ब्रिटिश मेडिकल असोसिएशन’नें बहिष्काराचीं वचनें गोळा केलीं. परंतु आपणांस सोसायट्यांच्या समित्यांच्या जाचांतून सोडवावें ही त्यांची जुनी मागणी सरकारनें मान्य केली, दरमाणशी मोबदला वाढविला, आणि १९१३ च्या जानेवारींत डॉक्टर हजारोंनीं यादींत नांव घालावयास पुढें आले. सरकारच्या भीतीनें ओरडणाऱ्यांस खासगी संस्थांपासून सुटका मिळाली ती सरकारकडूनच.

या साऱ्या घासाघिशींत एका व्यक्तीची बाजू मांडावयास कोणी नव्हतें. ती म्हणजे कामगाराची बायको. बाळंतपणास ३० शिलिंग मिळत. एरवीं तिला डॉक्टर नाहीं आणि मुलांसहि नाहीं. कार्ड नवऱ्याचें, म्हणून औषध नवऱ्यास. पैसे मोजून डॉक्टर बोलवावयाचा तर आधीं मुलांसाठीं, आणि स्वतःचें दुखणें अंगावर काढावयाचें, अशी घराघरांतली रीत पडली. शिवाय मंडळामंडळांतहि अंतर पडलें. ज्यांचे सभासद धट्टेकट्टे, त्यांच्याजवळ शिल्लक उरे आणि तींतून दांत, चष्मे यांसहि मदत मिळे. खाणींत छाती झिजविणाऱ्यांचीं मंडळें मात्र रिकामींच. वर्गणी सर्वांची सारखी, आणि ज्यास गरज अधिक त्याच्या पदरीं कमी!

याच काळांत वेल्समधील ट्रेडिगर या खाणीच्या गांवीं कामगारांची एक वैद्यक साहाय्य संस्था होती. सभासदांनीं मजुरींतून पौंडामागें तीन पेन्स द्यावे आणि सबंध कुटुंबानें औषधोपचार घ्यावा, असा तिचा नियम. जें सरकारच्या विम्यास साधलें नाहीं, तें या खासगी संस्थेनें बायकामुलांसाठीं करून दाखविलें. ‘सिटॅडेल’ कादंबरीचे लेखक डॉ. क्रोनिन यांनीं तेथें कांहीं काळ नोकरी केली होती. आणि त्याच गांवीं १८९७ सालीं एका खाणकामगाराच्या घरीं अन्यूरिन बेव्हन यांचा जन्म झाला. खाणीच्या धुळीनें छाती पोखरून त्यांचे वडील १९२५ सालीं वारले.

१९४२ च्या डिसेंबरांत सर विल्यम बेव्हरिज यांचा अहवाल निघाला. हे गृहस्थ बंगालमधील रंगपूरचे. त्यांचे वडील तेथें सनदी नोकर होते. मान्य मंडळें मोडावीं आणि औषधोपचार सर्वांस मिळावा, असें त्यांनीं सुचविलें. युद्धानंतर आरोग्यमंत्री झालेल्या बेव्हन यांनीं त्यापुढें जाऊन रुग्णालयेंच सरकारच्या ताब्यांत घेतलीं, आणि खर्चाचा मुख्य भार करांवर टाकला. कोणीं किती तिकिटें चिकटविलीं हें डॉक्टरानें विचारावयाचें कारणच उरलें नाहीं. त्या अर्थी हा विमा सरकारी झाला असें म्हणण्यापेक्षां औषधोपचारापुरता विमाच संपला, असें म्हणणें अधिक बरोबर होईल.

१९४८ च्या फेब्रुवारींत डॉक्टरांचें मत घेतलें, तेव्हां दहांतील नऊ विरुद्ध गेले. जे १९११ सालीं सरकारी यादीच्या नांवानें खडे फोडीत होते, त्यांचेच वारस आतां तिच्या रक्षणार्थ उभे होते. बेव्हन यांनीं तज्ज्ञ डॉक्टरांस खासगी रोगी पाहण्याची व सरकारी रुग्णालयांत त्यांच्यासाठीं पैसे घेऊन खाटा ठेवण्याची सवलत दिली. सामान्य डॉक्टरांस पगारी नोकर करणार नाहीं असें कायद्यानें बांधून दिलें. मे महिन्यांत विरोध ढिला पडला, आणि ५ जुलै १९४८ रोजीं नवी व्यवस्था सुरू झाली.

त्या दिवसापासून दवाखान्यांत कोण आलें, हें पुढें अनेक डॉक्टरांनीं सांगितलें आहे. बाळंतपणांत झालेली इजा वर्षानुवर्षें सोशीत आलेल्या, कधीं कोणास न दाखविलेल्या व्याधी घेऊन आलेल्या मध्यम वयाच्या बायका. पहिल्या वर्षांत चष्मेच सुमारें ५० लाख लागले. खर्च अंदाजाबाहेर गेला; १९५१ सालीं चष्म्यांवर आणि कवळ्यांवर शुल्क बसलें, आणि तेव्हां मजूरमंत्री असलेल्या बेव्हन यांनीं राजीनामा दिला. खासगी विमाहि नाहींसा झाला नाहीं. त्यासाठीं १९४७ सालीं स्थापन झालेली ‘ब्रिटिश युनायटेड प्रॉव्हिडंट असोसिएशन’ वाढतच गेली.

हिंदुस्थानांत याच विषयावर प्रा. बी. पी. अडारकर यांनीं १९४४ सालीं अहवाल दिला होता. त्यावरून १९४८ सालीं कामगार राज्य विम्याचा कायदा झाला, आणि १९५२ च्या फेब्रुवारींत कानपूर व दिल्ली येथें काम सुरू झालें. वर्गणी कामगार व मालक यांची. आरंभीं औषधोपचार मिळे तो विमा उतरलेल्या कामगारास. त्याच्या बायकामुलांस तो पुढें टप्प्याटप्प्यानें मिळाला.