हळदीचा साक्षीदार

स्वयंपाकघरात हळदीचा डबा नाही असे घर आपल्या धर्मग्रामात शोधून सापडणार नाही. विळीने बोट कापले की आई चिमूटभर हळद जखमेवर दाबते; घसा धरला की रात्री हळदीचे दूध पुढ्यात येते. चरकसंहितेने हरिद्रेची गणना कुष्ठघ्न आणि विषघ्न अशा दोन्ही गणांत केली आहे. म्हणजे आजीबाईच्या बटव्यातील ही वस्तू शास्त्रकारांच्याही परिचयाची होती.

असे असताना १९९५ साली अमेरिकेत हळदीच्या जखम भरण्याच्या गुणावर एका विद्यापीठीय वैद्यकीय केंद्राला एकस्व, म्हणजे पेटंट, देण्यात आले! आपल्या वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेने १९९६ मध्ये त्याला हरकत घेतली. तेव्हा परिषदेचे महासंचालक होते मूळचे गोव्यातील माशेलचे डॉ. रघुनाथ माशेलकर. आजीची साक्ष तेथे चालणार नव्हती. कागद हवा होता. परिषदेने बत्तीस लिखित संदर्भ पुढे केले आणि १९९७ साली ते एकस्व रद्द झाले.

लिहून ठेवणाऱ्याचे मोल असे उशिरा कळते. म्हणूनच येथे गार्सिया द ऑर्ता या पोर्तुगीज वैद्याची आठवण करावीशी वाटते. १५३४ साली तो गोव्यास आला. अहमदनगरच्या बुऱ्हाण निजामशहावर त्याने उपचार केले, मुंबईचे बेट काही काळ त्याच्याकडे खंडाने होते. १५६३ साली गोव्यात त्याचा ग्रंथ छापून निघाला. हिंदुस्थानातील वनस्पती व औषधे हा त्याचा विषय, आणि मांडणी दोन वैद्यांच्या संवादाची. युरोपातून नुकताच आलेला डॉक्टर रुआनो जुन्या ग्रीक आचार्यांचे दाखले देतो. ऑर्ता म्हणतो, मी येथे पाहिले ते असे आहे. हळदीला तो ‘देशी केशर’ म्हणतो आणि येथील लोक तिला ‘अलाद’ म्हणतात अशी नोंद करतो. त्या परक्या उच्चारात आपली हळद ओळखू येते. रंगासाठी, जेवणासाठी आणि औषधासाठी ती वापरतात, हे त्याने येथील लोकांकडून जाणून घेतले. परधर्मीय वैद्यांना विचारण्यात त्याला कमीपणा वाटला नाही. १५६७ साली क्लुसियस या वनस्पतिशास्त्रज्ञाने ग्रंथाचा लॅटिन संक्षेप अँटवर्प येथे प्रसिद्ध केला आणि तो युरोपभर गेला.

पुढची हकीकत लिहिताना माझ्यासारख्या धर्मगुरूची लेखणी अडखळते. ऑर्ता यहुदी वंशातील नवख्रिस्ती होता. गोव्यात १५६० पासून इन्क्विझिशनचे न्यायासन बसले होते. १५६८ मध्ये तो अंथरुणावर मरण पावला. पण दुसऱ्याच वर्षी त्याची बहीण कातारिना हिला यहुदी धर्म गुप्तपणे पाळल्याच्या आरोपावरून जिवंत जाळण्यात आले. १५८० साली ऑर्ताच्या अस्थी थडग्यातून उकरून काढून त्याही जाळल्या. ‘काळच तसा होता’ असे म्हणून आपण पुष्कळदा सुटका करून घेतो. मला ते पटत नाही. शुभवर्तमान त्या काळीही हेच होते. मार्च २००० मध्ये पोप दुसरे जॉन पॉल यांनी सत्याच्या नावाने केलेल्या अशा सक्तीबद्दल जाहीरपणे देवाची क्षमा मागितली, तेव्हा माझ्या मनात प्रथम कातारिना आली.

हळदीची चौकशी मात्र अजून संपलेली नाही. तिच्यातील कर्क्युमिन हे द्रव्य शरीरात फार थोडे शोषले जाते. मिरीतील पायपरिनची जोड मिळाली की त्याचे शोषण कितीतरी वाढते, असे बंगळूरच्या सेंट जॉन्स वैद्यकीय महाविद्यालयातील संशोधकांनी १९९८ मध्ये दाखवले. आपल्या बाटली मसाल्यात हळद व मिरी एकत्रच असतात, हे वाचताना कित्येकींना हसू येईल. पण २०१७ च्या एका मोठ्या आढाव्याने कर्क्युमिनच्या गाजलेल्या गुणांना रुग्णांवरील चाचण्यांतून भक्कम पुरावा मिळालेला नाही, असेही बजावले आहे. तेव्हा हळदीचे दूध जरूर घ्यावे. डॉक्टरांच्या गोळ्या मात्र बंद करू नयेत.

पणजीला गेलात तर निष्कलंक गर्भसंभवाच्या चर्चच्या पायऱ्या उतरून समोरच्या बागेत थोडे बसा. त्या बागेला गार्सिया द ऑर्ताचे नाव आहे.