तटाबाहेरचं बळ : शिरगावचा किनारा, कोळीण आणि घरचं कालवण



शिरगावचा किल्ला बघायला आलेला माणूस बुरुजावर चढतो, समुद्राकडे तोंड करून फोटो काढतो आणि परत जातो. आम्हीही कितीदा तेच केलं आहे. आज मात्र बुरुजावरून खाली, किनाऱ्याकडे बघू या. विषय दोन आहेत : घरात मासे रांधणं, आणि बाईच्या अंगातल्या बळाचं कौतुक करणं. वरवर पाहता यांचा एकमेकांशी संबंध नाही. आमचं म्हणणं असं, की या किनाऱ्यावर ते मुळात एकच आहेत. त्यांची फारकत झाली ती आपल्या वह्यांमध्ये.

आधी वहीतलं पाहू. 1739 च्या सुरुवातीला चिमाजी अप्पांच्या मोहिमेत माहीम, तारापूर, शिरगाव ही पोर्तुगीजांची ठाणी मराठ्यांकडे आली आणि मे महिन्यात वसई पडली. तारापूरच्या लढाईत बाजी भिवराव रेठरेकर कामी आले. ही नावं, ही वर्षं आपल्याला ठाऊक आहेत, कारण कोणी तरी ती लिहून ठेवली. इतिहासात बळ म्हटलं की डोळ्यांसमोर येतं ते तलवारीचं, तटाचं, तोफेचं. बाईचं बळ सांगायचं झालं तरी आपण आधी तिच्या हातात तलवार देतो, मगच तिला वीरांगना म्हणतो.

ही सवय फक्त आपली नाही. आम्ही आयुष्यभर तत्त्वज्ञान शिकवलं, त्यामुळे प्लेटोकडे वळल्याशिवाय आम्हांला राहवत नाही. ‘रिपब्लिक’च्या पाचव्या भागात तो त्या काळाच्या मानाने धाडसाची गोष्ट सांगतो : राज्याचं रक्षण करणाऱ्यांत बायकाही असाव्यात आणि त्यांनाही पुरुषांसारखाच व्यायाम, तसंच युद्धाचं शिक्षण मिळावं. पण त्या आधी, तिसऱ्या भागात, एक गमतीचा उल्लेख आहे. होमरचे वीर समुद्राकाठी तळ देऊन बसलेले असतात, तरी होमर त्यांना मासे खाऊ घालत नाही. घालतो ते भाजलेलं मांस. प्लेटोला ते पटतं. सैनिकाला भांडीकुंडी वाहायला लागू नयेत, नुसत्या विस्तवावर काम भागावं, असा त्याचा हिशेब.

म्हणजे काय झालं बघा. बळ हवं, पण भांडं नको. बाई बलवान व्हावी, पण चुलीपासून दूर जाऊन. आमची शंका इथेच आहे. ज्या बाईचं बळ भांड्यासकट आहे, तिला कुठे बसवायचं?

अशी बाई शोधायला लांब जायला नको. शिरगावला लागूनच सातपाटीचं बंदर आहे. आपण सरसकट ‘कोळीण’ म्हणतो, पण या पट्ट्यात मांगेला आणि वैती समाजाची वस्तीही मोठी आहे. होडी किनाऱ्याला लागली की समुद्रातलं काम संपतं आणि जमिनीवरचं सुरू होतं. मासळी निवडायची, धुवायची, बर्फात घालायची. बोंबील जबड्यात जबडा अडकवून जोडीने दोरीवर वाळत घालायचे. उरलेलं टोपलीत भरून बाजार गाठायचा. हे काम मुख्यतः बायकांचं. आता रिक्षा आहेत, टेम्पो आहेत. पूर्वी पालघरचा बाजार म्हणजे डोक्यावर चुंबळ, चुंबळीवर टोपली आणि पायांखाली काही किलोमीटरचा रस्ता. ओल्या मासळीचं पाणी मानेवरून ओघळतंय आणि ऊन चढायच्या आत पोचायचंय, कारण मासळी थांबत नाही.

आमचा एक अनुभव सांगतो. बऱ्याच वर्षांपूर्वी किनाऱ्यावर उभे होतो. एक मावशी म्हणाल्या, “मास्तर, जरा हात लावा.” भरलेली टोपली एकट्याने डोक्यावर चढवता येत नाही, ती उचलून द्यायला समोर दुसरं कोणी तरी लागतं. आम्ही दोन्ही हात लावले. टोपली जेमतेम गुडघ्यापर्यंत आली. मावशी हसल्या, दुसऱ्या बाईला हाक मारली, आणि दोघींनी एका झटक्यात टोपली वर चढवली. त्या दिवशी ‘शक्ती’ या विषयावरचं आमचं टिपण आम्ही पुन्हा लिहायला घेतलं.

आता तीच बाई संध्याकाळी घरी येते तेव्हाचं पाहू. ओला बोंबील म्हणजे जवळजवळ पाणीच. तळायचा असेल तर चिरून, वजनाखाली दाबून त्यातलं पाणी काढावं लागतं. कालवण करायचं असेल तर लसूण, मिरची, हळद, चिंच किंवा आमसूल घालून उकळी आणायची, मग बोंबील सोडायचे आणि पुढे त्यात पळी घालायची नाही. पळी घातली की बोंबील मोडला. भांडं दोन्ही बाजूंनी फडक्याने धरून अलगद फिरवायचं. सकाळी ज्या मनगटांनी टोपली पेलली, तीच मनगटं आता बोंबील मोडणार नाही एवढाच झोल देतात. आमच्या मते बळाची खरी ओळख इथे पटते. किती जोर लावायचा हे कळणं जितकं महत्त्वाचं, तितकंच कुठे लावायचा नाही हे कळणं.

या समाजाला हे बळ ठाऊक नाही असं नाही. कोळ्यांची कुलदेवी कार्ल्याची एकवीरा; तिच्या नावातच वीर आहे. पण बाकीच्या महाराष्ट्राने कोळीण पाहिली ती गाण्यात आणि नाचात. तिथे टोपली असते, पण रिकामी.

एक योगायोग बघा. 2023 साली सांगलीत पहिली महिला महाराष्ट्र केसरी स्पर्धा झाली आणि प्रतीक्षा बागडी हिने गदा जिंकली. आम्हांला मनापासून आनंद झाला. त्याच वर्षी पापलेटला महाराष्ट्राचा राज्यमासा म्हणून मान मिळाला. पैलवान बाईला गदा मिळाली, माशाला किताब मिळाला. मासा वाहणाऱ्या, विकणाऱ्या, रांधणाऱ्या बाईचं काय, हा प्रश्न तेवढा उरला.

कोणी म्हणेल, सर, ओझ्याचं कसलं कौतुक करता? प्रश्न रास्त आहे. ओझ्याने मान आणि गुडघे झिजतात. दुसऱ्याच्या डोक्यावरची टोपली बघून टाळ्या वाजवणं सोपं असतं. म्हणून आमची मागणी टाळ्यांची नाही, नोंदीची आहे.

नोंद आजच का हवी, तेही सांगतो. उत्तरेला वाढवण इथे मोठं बंदर होणार आहे. 30 ऑगस्ट 2024 रोजी पालघरला त्याची पायाभरणी झाली. किनाऱ्यावर विरोध आहे, आंदोलनं झाली. बंदराच्या बऱ्यावाईटाचा निवाडा आज आम्ही करत नाही. पण मच्छीमारांचं नुकसान मोजायची वेळ येईल तेव्हा काय मोजलं जाईल? होडीला नंबर असतो, मालकाचं नाव असतं. टोपलीला नंबर नसतो. मासळी कमी झाली तर होडीवाल्याइतकीच वाळवणारीची आणि विकणारीची कमाई बुडते, आणि घरच्या कालवणातला बोंबीलही जातो. जे वहीत नाही ते नुकसानीतही धरलं जात नाही. 1739 ची वही अपुरी राहिली, त्याला आता इलाज नाही. आजची वही मात्र अजून उघडी आहे.

तेव्हा पुढच्या वेळी शिरगावला आलात की किल्ला जरूर बघा. मग किनाऱ्यावर जा. कोणी ‘जरा हात लावा’ म्हणालं तर लावा. टोपली किती जड आहे ते एकदा आपल्या हातांना कळू दे, आणि कळलं की घरी जाऊन लिहून ठेवा.