शिपायाचें मन आणि टेलिफोन

अश्वत्थाम्याच्या कपाळावरची जखम अजून भरलेली नाहीं व तिच्यावर घालण्यासाठीं तो दारोदार तेल मागत फिरतो, ही समजूत आपल्याकडील कित्येक घरांतून आजीच्या तोंडून मुलांच्या कानीं पडलेली असते. या कथेकडे आम्ही आजवर केवळ एक शापकथा म्हणून पाहत आलों. परंतु युद्धावरून परत आलेल्या माणसांच्या मनोव्यथेचा इतिहास चाळूं लागल्यावर तींतील एक गोष्ट आम्हांस नव्यानें जाणवली. ती ही कीं, अश्वत्थामा निदान मागतो तरी. त्याची जखम चारचौघांस दिसते, आणि तेल मागण्याची त्यास लाज वाटत नाहीं. अर्वाचीन शिपायाच्या मनास जी जखम होते ती कोणास दिसत नाहीं, आणि तो आपण होऊन तिच्यासाठीं कांहीं मागेल हें तर क्वचितच घडतें. गेल्या शंभर वर्षांत या जखमेवर औषध शोधण्याचे जे प्रयत्न झाले, त्यांत औषध सांपडण्यापेक्षां रोग्यानें तें मागावें कसें हीच अडचण अधिक अवघड ठरली, असें आमचें मत झालें आहे. या अडचणीवर टेलिफोनसारख्या साध्या यंत्राचा जो उपयोग करण्यांत आला, त्याची हकीकत वाचकांपुढें मांडण्याचें आम्हीं योजिलें आहे.

रोगास सर्वतोमुखीं झालेलें नांव प्रथम मिळालें तें पहिल्या महायुद्धांत. चार्ल्स मायर्स या मानसशास्त्रज्ञानें १९१५ च्या फेब्रुवारींत ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय पत्रांत ‘शेल-शॉक’ हा शब्द छापला. तोफेचा गोळा जवळ फुटून ज्यांची दृष्टि, स्मृति, वास व चव यांवर परिणाम झाला अशा तीन शिपायांची ती हकीकत होती. परंतु पुढें असें दिसून आलें कीं, ज्यांच्या आसपास एकहि गोळा फुटला नाहीं अशांचेहि हात कांपत, वाचा बंद होई, रात्रीं किंकाळ्या फोडून ते जागे होत. गोळ्यावर दोष ठेवण्याची सोय मग उरली नाहीं. १९१७ सालीं ब्रिटिश लष्करानें हा शब्दच वापरूं नये असा हुकूम काढला, आणि अशा रोग्यांच्या कागदावर ‘मज्जातंतुविषयक, निदान व्हावयाचें आहे’ अशा अर्थाचा शेरा मारण्यास सांगितलें. शब्द गेला म्हणून रोग थोडाच जातो! तरी सरकारी कचेऱ्यांचा या उपायावरील विश्वास सर्व देशांत सारखाच दिसतो.

आपलें मन मोडलें आहे हें शिपायानें कबूल करावें तर त्याचें फळ काय, हा प्रश्न त्या काळीं मुळींच काल्पनिक नव्हता. रणांगण सोडून पळणें, भ्याडपणा इत्यादि आरोपांवरून त्या युद्धांत ब्रिटिश लष्करानें आपल्याच ज्या माणसांस गोळ्या घातल्या, त्यांपैकीं ३०६ जणांस २००६ सालच्या कायद्यानें मरणोत्तर माफी दिली. त्यांतील कित्येक मनानें खचलेले होते, ही गोष्ट मान्य होण्यास जवळजवळ नव्वद वर्षें लागलीं.

या काळोखांत एक माणूस मात्र वेगळ्या वाटेनें चालला होता. डब्ल्यू. एच. आर. रिव्हर्स हे एडिंबरोजवळील क्रेगलॉकहार्ट येथें अधिकाऱ्यांसाठीं उघडलेल्या लष्करी इस्पितळांत डॉक्टर होते. या रिव्हर्ससाहेबांचा आपल्या देशाशीं जुना संबंध होता. विसाव्या शतकाच्या आरंभीं ते नीलगिरींत तोडा लोकांमध्यें राहिले होते, व १९०६ सालीं त्यांनीं त्या लोकांवर एक मोठा ग्रंथ लिहिला. म्हशींच्या दुग्धशाळेला देवालयाचें पावित्र्य देणाऱ्या त्या लोकांचे विधि, नातीं आणि बोली समजून घ्यावयाचीं तर मुकाट्यानें ऐकत बसण्यावांचून गत्यंतर नव्हतें. हीच संवय त्यांनीं पुढें इस्पितळांत नेली असावी, असा आमचा तर्क आहे. त्या वेळीं सर्वसाधारण उपदेश असा कीं, जें पाहिलें तें विसरा, सुखाच्या गोष्टींकडे लक्ष द्या. रिव्हर्स यांनीं १९१७ सालीं दिलेल्या एका व्याख्यानांत याच्या उलट सांगितलें. आठवण दाबून ठेवल्यानें ती रात्रीं दुप्पट जोरानें उसळते. तेव्हां ती शब्दांत आणावी, आणि जवळ कोणी ऐकणारा असावा. कवि सीगफ्रीड ससून हे त्यांचे रोगी होते. विल्फ्रेड ओवेन हे त्याच इस्पितळांत होते. दोघेहि बरे होऊन रणांगणावर परत गेले, आणि ओवेन हे युद्ध संपण्यास एक आठवडा उरला असतां मारले गेले. ऐकणारा कितीहि सहृदय असला तरी तोहि लष्कराचाच नोकर होता, व रोग्यास पुन्हां खंदकांत पाठविणें हेंच त्याच्या यशाचें माप होतें. ही विसंगति खुद्द रिव्हर्स यांसहि टोंचत होती.

आपल्याकडील शिपायांच्या नशिबीं तर असा ऐकणाराहि आला नाहीं. फ्रान्समध्यें लढलेल्या व इंग्लंडांत ब्रायटन येथील राजवाड्यांत उघडलेल्या इस्पितळांत पडून राहिलेल्या हिंदी शिपायांनीं घरीं जीं पत्रें धाडलीं, तीं सर्व लष्करी तपासनिसाच्या हाताखालून जात. त्यांचीं भाषांतरें व उतारे दप्तरांत ठेवले गेले, म्हणून आज ते वाचावयास मिळतात. आपलें पत्र तिसरा कोणी वाचतो आहे हें शिपायांस पक्कें ठाऊक होतें. म्हणून ते सांकेतिक भाषेंत लिहीत. काळी मिरी म्हणजे हिंदी शिपाई, लाल मिरची म्हणजे गोरे शिपाई, अशी ती भाषा. आपलें दुःख आईबापांस कळवावयाचें तेंहि मसाल्याच्या यादींतून! मोकळेपणानें बोलण्यास काय लागतें, याचा याहून स्पष्ट पुरावा आम्हांस दुसरा ठाऊक नाहीं.

दुसऱ्या महायुद्धांत १९४३ सालीं सिसिलींतील इस्पितळांत जनरल पॅटन यांनीं अशा दोन रोग्यांस भ्याड म्हणून थपडा मारल्या. आयसेनहॉवर यांनीं त्यांस माफी मागावयास लाविलें. युद्ध संपल्यावर जॉन ह्यूस्टन या दिग्दर्शकानें, अमेरिकन लष्करासाठींच, इस्पितळांतील मनोरुग्ण शिपायांचा एक बोलपट तयार केला. तो लष्करानें १९४६ पासून सुमारें पस्तीस वर्षें लोकांस पाहूं दिला नाहीं. शिपाई आपल्या तोंडानें आपली व्यथा सांगत आहेत, एवढाच त्याचा गुन्हा.

व्हिएतनामच्या युद्धानंतर मात्र शिपायांनींच पुढाकार घेतला. १९७० च्या सुमारास न्यूयॉर्क येथें हे तरुण एकत्र बसून आपापले अनुभव एकमेकांस सांगूं लागले. रॉबर्ट लिफ्टन व चेम शॅटन हे मनोवैद्य त्यांच्या बैठकींत जाऊन बसत, पण अध्यक्ष म्हणून नव्हे. यांतून पुढें दोन गोष्टी निघाल्या. १९७९ सालीं अमेरिकन सरकारनें इस्पितळांपासून दूर, साध्या बाजारपेठेंत, माजी सैनिकांसाठीं सल्लाकेंद्रें उघडलीं, व त्यांत माजी सैनिकांसच नोकरीस घेतलें. आणि १९८० सालीं तेथील मनोवैद्यांच्या संस्थेनें आघातोत्तर तणाव-विकार या नांवानें या रोगास आपल्या अधिकृत यादींत जागा दिली.

रोगास मान्यता मिळाली, उपाय सांपडले, केंद्रें उघडलीं. मग अडचण संपावयास हवी होती. पण इराक व अफगाणिस्तान येथून परतलेल्या अमेरिकन सैनिकांची पाहणी २००४ सालीं प्रसिद्ध झाली, तींत असें आढळलें कीं, ज्यांच्यांत मनोविकाराचीं लक्षणें दिसलीं त्यांपैकीं शेंकडा २३ ते ४० एवढ्यांनींच कोणाची मदत घेतली होती. याहून चमत्कारिक गोष्ट ही कीं, लोक काय म्हणतील, वरिष्ठ आपणांस दुबळे समजतील, ही भीति निरोग्यांपेक्षां रोग्यांतच दुपटीनें अधिक होती. ज्यास औषधाची गरज, तोच दवाखान्याची पायरी चढण्यास भितो.

आतां टेलिफोनाकडे वळूं. संकटांत सांपडलेल्या माणसासाठीं टेलिफोनचा उपयोग करण्याची कल्पना मूळची लष्करी नव्हे. १९५३ च्या नोव्हेंबरांत लंडनमधील एका चर्चचे पाद्री चॅड वॅरा यांनीं, जीव नकोसा झालेल्या कोणीहि आपणांस टेलिफोन करावा असें जाहीर केलें. भेटीस आलेल्या लोकांस वाट पाहावी लागे, म्हणून कांहीं स्वयंसेवक त्यांस चहा देत बसत. थोड्याच दिवसांत वॅरा यांच्या ध्यानांत आलें कीं, पुष्कळांस चहा देणाऱ्याजवळ बोलूनच हायसें वाटतें व ते पाद्रीबुवांस न भेटतांच परत जातात. त्यांनीं मोठ्या मनानें हें काम त्या चहावाल्यांवरच सोंपविलें. अमेरिकेंत एडविन श्नाइडमन हे १९४९ सालीं माजी सैनिकांच्या सरकारी इस्पितळांत नोकरीस असतांना, आत्मघात केलेल्या दोन माजी सैनिकांच्या विधवांस सांत्वनपत्र लिहिण्याचें काम त्यांच्याकडे आलें. त्यासाठीं ते लॉस एंजल्सच्या मृत्युनोंदीच्या कचेरींत गेले, आणि तेथें त्यांस अशा लोकांनीं मागें ठेवलेल्या चिठ्ठ्यांचा मोठा सांठा सांपडला. त्या वाचण्यांतून त्यांच्या आयुष्याचें कार्य ठरलें, व १९५८ सालीं त्या शहरांत त्यांनीं सहकाऱ्यांसह आत्मघात-प्रतिबंधक केंद्र काढलें.

तथापि खास सैनिकांसाठीं अहोरात्र चालणारा टेलिफोन अमेरिकन सरकारनें सुरू केला तो २००७ च्या जुलैंत. न्यूयॉर्क संस्थानांतील कॅनन्डेग्वा या लहानशा गांवीं माजी सैनिकांचें एक जुनें इस्पितळ आहे. त्याच्या आवारांत हें काम सुरू झालें. त्याच वर्षीं, इराकहून परतून प्राण दिलेल्या आयोवांतील एका राखीव सैनिकाच्या नांवानें झालेल्या कायद्यानें या सेवेस आधार दिला. बोलावणाऱ्याचें तोंड दिसत नाहीं, त्याच्या खांद्यावर कोणत्या हुद्द्याची खूण आहे तें दिसत नाहीं, आणि त्यास वाटेल त्या क्षणीं टेलिफोन खालीं ठेवतां येतो. आम्हांस वाटतें, या तिसऱ्या गोष्टींत सर्व मर्म आहे. इस्पितळांत शिरलेल्या शिपायास बाहेर पडण्यासाठीं परवानगी लागते. येथें बोलणें संपविण्याचा अधिकार त्याच्या स्वतःच्या हातीं आहे, म्हणूनच तो बोलूं लागतो.

पण जो आपण होऊन टेलिफोनहि करीत नाहीं त्याचें काय? सॅन फ्रान्सिस्को येथील माजी सैनिकांच्या इस्पितळांतील संशोधकांनीं याचा एक प्रयोग करून तो २०१२ सालीं प्रसिद्ध केला. लक्षणें असूनहि उपचार न घेणारे ७३ सैनिक त्यांनीं निवडले, आणि त्यांस आपणच टेलिफोन केले. निम्म्यांची नुसती विचारपूस केली. उरलेल्यांशीं निराळ्या पद्धतीनें बोलणें केलें. उपदेश नाहीं, दटावणी नाहीं. तुम्हांस आयुष्यांत काय हवें आहे, झोप येत नाहीं त्यानें त्यांत काय अडतें, दवाखान्यांत कां जावेंसें वाटत नाहीं, असें विचारावें, व जाण्याचीं कारणें त्याच्याच तोंडून निघूं द्यावीं. पहिल्या गटांतील शेंकडा २६ उपचारास आले; दुसऱ्यांतील शेंकडा ६२. आपल्या घरांतून वडीलधारीं माणसें ज्या रीतीनें ‘मन घट्ट कर’ असें सांगतात, तिच्या नेमकी उलट ही रीत आहे हें वाचकांच्या लक्षांत येईलच. घरच्या माणसांनीं असें बोलावें कसें, हें बायकोस किंवा आईस टेलिफोनवरून शिकविणारी एक स्वतंत्र सेवाहि त्या खात्यानें काढली. आमच्या परिचयाच्या एका निवृत्त सुभेदारांच्या पत्नी एकदां सहज बोलून गेल्या, ‘हे कधींच कांहीं बोलत नाहींत, जें काय बोलतात तें झोपेंत.’ अशा बाईनें प्रथम कोणास विचारावें, याचें उत्तर त्या दिवशीं आमच्याजवळ नव्हतें.

ही व्यवस्था निर्दोष होती असें मात्र नाहीं. मुख्य केंद्रावर गर्दी झाली म्हणजे टेलिफोन दुसऱ्या मदतनीस केंद्रांकडे जात. त्यांपैकीं कांहींस माणसाऐवजीं निरोप नोंदविणाऱ्या यंत्रानें उत्तर दिलें, असें सरकारी तपासणीच्या अहवालांत २०१६ सालीं बाहेर आलें. मध्यरात्रीं मोठ्या धैर्यानें उचललेल्या टेलिफोनावर ‘आपला निरोप ठेवा’ असे शब्द ऐकूं यावेत, याहून क्रूर थट्टा ती कोणती! त्याच वर्षीं अटलांटा येथें दुसरें केंद्र उघडलें, पुढें कॅन्सस संस्थानांत तिसरें. आणि २०२२ च्या जुलैंत ९८८ हा तीन आंकड्यांचा सोपा क्रमांक सुरू झाला, ज्यावर माजी सैनिकानें नंतर १ दाबावयाचा.

त्याच वर्षीं १० ऑक्टोबर रोजीं आपल्या देशांत ‘टेली-मानस’ ही सर्वांसाठींची सेवा १४४१६ या क्रमांकावर सुरू झाली, आणि २०२३ च्या डिसेंबरांत पुण्याच्या सशस्त्र सेना वैद्यकीय महाविद्यालयांत सैनिक व त्यांचे कुटुंबीय यांच्यासाठीं तिचा एक खास कक्ष प्रयोगादाखल उघडण्यांत आला. सातारा जिल्ह्यांत अपशिंगे नांवाचें जें गांव आहे, त्यास लोक अपशिंगे मिलिटरी म्हणूनच ओळखतात. तेथून पुणें कांहीं फार दूर नाहीं. तरी त्या गांवच्या हवालदारास हें अंतर टेलिफोनवरूनच तोडणें सोपें जाईल, आणि आपल्या बोलींत बोलावयास मिळालें तर अधिकच. प्रश्न उरतो तो क्रेगलॉकहार्टचा. पलीकडे ऐकणारा लष्करांतला असला तर खंदक म्हणजे काय तें त्यास समजावून सांगावें लागत नाहीं. परंतु तो लष्करांतला आहे म्हणूनच, आपलें बोलणें बढतीच्या कागदापर्यंत तर पोंचणार नाहीं ना, ही शंकाहि बोलणाऱ्याच्या मनांत येते. नोकरींत असलेला शिपाई आणि पेन्शनीत निघालेला शिपाई यांस या प्रश्नाचीं उत्तरें वेगवेगळीं वाटतील, आणि बहुधा दोघांच्या बायकांस तिसरेंच.