उकिरड्यावरचं रान

सोलापुरात पाण्याकाठी बसायचं तर शुक्रवार पेठेतला माणूस सिद्धेश्वर तलावाकडे वळतो. सीना नदी शहराबाहेरून जाते. अदिला नदी अडवून १८७१ मध्ये एकरूखचा तलाव पूर्ण झाला; आपण त्याला हिप्परग्याचा तलाव म्हणतो. नदीकाठ आपल्या वाट्याला तसा आलाच नाही. आपल्या वाट्याला आल्या त्या गिरण्या.

१८७७ मध्ये सुरू झालेली जुनी मिल १९४९ मध्ये बंद पडली. १९५० मध्ये केंद्र सरकारनं वटहुकूम काढून तिचा कारभार हाती घेतला आणि प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. वाद भागधारकांच्या हक्कांचा होता. बंद कारखान्याच्या जागेवर गावाचा काही हक्क आहे का, हा प्रश्न त्या खटल्यात नव्हताच.

हा प्रश्न पुढं मुंबईत आला. १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीत, गिरणीची जमीन विकसित करताना साधारण एक तृतीयांश मोकळ्या जागांसाठी पालिकेला, एक तृतीयांश घरांसाठी म्हाडाला आणि उरलेली मालकाला, अशी वाटणी होती. २००१ मध्ये नियम बदलला. वाटणी फक्त आधीपासून रिकाम्या असलेल्या जागेची! २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं हा बदल कायम ठेवला. मग बागेसाठी उरलं किती, हे परळला गेलेल्या माणसाला सांगायला नको.

त्याच मुंबईत उलटंही घडलं आहे. मिठी नदी विहार आणि पवई तलावांच्या सांडव्यातून निघते आणि माहीमच्या खाडीला मिळते. तिच्या काठी धारावीतली चामड्याची कामं, छोटे कारखाने, भंगाराचे धंदे. तिथंच शहराचा कचरा टाकायची जागा होती. सत्तरच्या दशकात तिथं निसर्ग उद्यान करावं, अशी कल्पना पुढं आली. १९८३ मध्ये पक्षितज्ज्ञ डॉ. सालिम अलींच्या हातून पहिलं झाड लागलं. कचऱ्याच्या ढिगावर रोप जगवणं म्हणजे आधी माती आणणं, मग वाट पाहणं. खाली कचरा कुजत असतो, जमीन खचते. घाई करून चालत नाही. सालिम अली १९८७ मध्ये गेले. उद्यान लोकांसाठी खुलं झालं १९९४ मध्ये. एकूण सदतीस एकर. आज आत शिरलं की वर दाट सावली आणि पलीकडे खाडीची तिवरं. शाळेची मुलं फुलपाखरं पाहायला येतात.

नदी मात्र काही स्वच्छ झाली नाही. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, तेव्हा मिठीनं भराव आणि अतिक्रमणांचा हिशेब चुकता केला. काठावर झाडं लावली म्हणजे नदी सुधारली, असं कुणी सांगितलं तर विश्वास ठेवू नये.

तरीही एक गोष्ट लक्षात घ्यावी. उकिरड्याची जागा तेव्हा कुणाला मोलाची वाटत नव्हती, म्हणून ती लोकांना मिळाली. गिरण्यांच्या जमिनीला भाव होता. आपल्याकडेही बंद गिरण्यांच्या जागेचा विषय निघाला, की आधी चौरस फुटाचा दर विचारला जातो.