शाळेविषयीची अभिवृत्ती आणि शैक्षणिक संपादणूक

शाळेविषयीची अभिवृत्ती आणि शैक्षणिक संपादणूक यांचा परस्परसंबंध हा शैक्षणिक मानसशास्त्र व शिक्षणाचे समाजशास्त्र या दोन्ही शाखांतील अभ्यासविषय आहे. शाळा, शिक्षक, अध्ययन आणि शिक्षणाचे मोल यांविषयी विद्यार्थ्याच्या मनात असलेल्या तुलनेने स्थिर भावना, समजुती व वर्तनप्रवृत्ती यांना अभिवृत्ती म्हणतात. परीक्षा, प्रमाणित चाचण्या व वर्गकार्य यांतून दिसणारे अध्ययनाचे फलित म्हणजे संपादणूक. या दोहोंत सामान्यतः धन सहसंबंध आढळतो. मात्र तो बहुधा सौम्य ते मध्यम असतो आणि अभिवृत्तीचा कोणता पैलू मोजला यावर अवलंबून असतो.

घटक व मापन

अभिवृत्तीचे भावनिक, बोधात्मक व वर्तनात्मक असे तीन घटक मानले जातात. शाळेत जावेसे वाटणे हा भावनिक, शिकण्याचा पुढे उपयोग होईल असे मानणे हा बोधात्मक, तर गृहपाठ करण्याची व वर्गात सहभागी होण्याची प्रवृत्ती हा वर्तनात्मक घटक होय. मापनासाठी रेन्सिस लिकर्ट यांनी १९३२ मध्ये मांडलेली श्रेणी सर्रास वापरली जाते. तीत विधानाशी आपण कितपत सहमत आहोत, हे विद्यार्थी स्वतः नोंदवितो.

प्रमुख अभ्यास

अमेरिकेत १९६६ मध्ये जेम्स कोलमन व सहकाऱ्यांचा अहवाल प्रसिद्ध झाला. पाच लाखांहून अधिक विद्यार्थ्यांच्या या पाहणीत, विशेषतः अल्पसंख्याक समूहांतील मुलांच्या बाबतीत, ‘आपले भवितव्य आपल्या हाती आहे’ या भावनेचा संपादणुकीशी निकटचा संबंध दिसून आला. याउलट फिलिप जॅक्सन यांना त्याच दशकातील अभ्यासांत, शाळेविषयीचे समाधान आणि संपादणूक यांत फारसा संबंध आढळला नाही.

या विसंगतीचा एक उलगडा रोझलिन मिकेलसन यांच्या १९९० मधील लेखातून होतो. लॉस एंजेलिस परिसरातील शालेय विद्यार्थ्यांच्या अभ्यासात त्यांनी अमूर्त आणि मूर्त अशा दोन अभिवृत्ती वेगळ्या केल्या. ‘शिक्षणाने उन्नती होते’ ही सर्वमान्य श्रद्धा म्हणजे अमूर्त अभिवृत्ती. आपल्या घरातील शिकलेल्या माणसांना शिक्षणाचे प्रत्यक्ष फळ मिळाले काय, या अनुभवातून घडते ती मूर्त अभिवृत्ती. गुणांशी संबंध आढळला तो मूर्त अभिवृत्तीचा. कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांची शिक्षणावरील अमूर्त श्रद्धा दृढ असूनही त्यांची संपादणूक मागे का राहते, याचे स्पष्टीकरण त्यांनी यातून दिले.

कार्यकारणसंबंध

सहसंबंध म्हणजे कार्यकारणभाव नव्हे. शाळेची गोडी असलेला विद्यार्थी अधिक अभ्यास करतो, हे जितके संभवते तितकेच यशामुळे गोडी लागते आणि वारंवारच्या अपयशामुळे ती ओसरते, हेही संभवते. म्हणून दीर्घकालीन अभ्यासांत हा संबंध दुहेरी मानण्याकडे कल आहे. कौटुंबिक आर्थिक स्थिती, घरची भाषा व शिक्षकांचे वर्तन हे घटक दोन्ही चलांवर परिणाम करतात. ‘मुलाला गोडीच नाही’ हे निदान त्यामुळे अनेकदा अपुरे ठरते. वाचन कच्चे राहिल्यानेही गोडी गेलेली असू शकते.

मर्यादा

विद्यार्थी अपेक्षित उत्तर देण्याची शक्यता असते. शाळा सोडलेली वा पाहणीच्या दिवशी गैरहजर असलेली मुले शाळेत घेतलेल्या पाहणीतून सुटतात. परिणामी शाळेपासून सर्वाधिक दुरावलेल्यांचाच आवाज नोंदला जात नाही. आंतरराष्ट्रीय तुलनाही जपून करावी लागते. गणित व विज्ञानाच्या ‘टिम्स’ चाचण्यांत एकाच देशात विषयाची आवड असणाऱ्यांचे गुण सहसा अधिक असतात. परंतु जपान, दक्षिण कोरिया व तैवान येथे गुण उच्च असूनही आवड नोंदविणाऱ्यांचे प्रमाण कमी आढळते.

महाराष्ट्रातील संदर्भ

मुलाची वृत्ती बदलण्याआधी शाळेने स्वतःला बदलावे, हा विचार महाराष्ट्रात ताराबाई मोडक व अनुताई वाघ यांच्या कार्यात दिसतो. १९४५ मध्ये बोर्डी येथे सुरू झालेले त्यांचे बालशिक्षणाचे कार्य पुढे कोसबाड येथे विस्तारले. गुरे राखणाऱ्या आदिवासी मुलांना शाळेत येणे शक्य नव्हते. त्यांच्यासाठी शिक्षकच कुरणात जाऊन शिकवीत. हा उपक्रम ‘कुरणशाळा’ म्हणून ओळखला जातो. बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क अधिनियम, २००९ याच्या कलम १७ नुसार शारीरिक शिक्षा व मानसिक छळ यांस मनाई आहे. शाळेविषयीची भीती कमी होण्याच्या दृष्टीने ही तरतूद महत्त्वाची मानली जाते.