खेकडा, गोड्या पाण्यातील : वाढ, कात व प्रौढत्व

वाशीम जिल्ह्यातील ओढे, नाले व नद्यांच्या काठी बिळे करून राहणारा दशपाद कवचधारी प्राणी. समुद्रापासून शेकडो किलोमीटर आत राहूनही त्याची वाढ सागरी खेकड्यासारखीच टप्प्याटप्प्याने, कात टाकून होते. पिल्लांच्या जन्माची रीत मात्र अगदी वेगळी आहे. जिल्ह्यातून पैनगंगा वाहते. काटेपूर्णा व अडाण या नद्या येथील डोंगरांतच उगम पावतात. या खोऱ्यांतले लहान प्रवाह हिवाळा सरताना आटू लागतात. खेकडा तेव्हा ओल सापडेपर्यंत बीळ खोल नेतो आणि उन्हाळा आत काढतो. मृगाच्या सरींनंतर तो बाहेर दिसू लागतो.

दख्खनच्या पठारावरील परिचित जात बॅरिटेल्फूसा क्युनिक्युलॅरिस ही होय. मुंबई सरकारच्या सेवेतील कर्नल विल्यम हेन्री साइक्स यांनी दख्खनमध्ये केलेल्या निरीक्षणांच्या आधारे १८३६ मध्ये वेस्टवुड यांनी तिचे वर्णन प्रसिद्ध केले. औरंगाबादच्या मराठवाडा विद्यापीठात दिवाण व नागभूषणम यांनी तिच्या प्रजननचक्राचा अभ्यास केला. त्यांचा निबंध १९७४ मध्ये छापला गेला. दख्खनच्या खेकड्याच्या शरीरक्रियेबद्दल जी माहिती हाती आहे, तिचा मोठा वाटा या विद्यापीठाच्या प्रयोगशाळेतून आला आहे.

कवच कठीण असल्यामुळे ते अंगाबरोबर वाढत नाही. जुन्या कवचाखाली नवे, मऊ व सुरकुतलेले कवच तयार होते, जुन्यातील काही कॅल्शियम रक्तात शोषले जाते, आणि खेकडा खाणे सोडून आडोशाला जातो. मग तो पाणी शोषून फुगतो. पाठीचे कवच व उदर यांच्यामधली शिवण उकलते आणि त्या फटीतून तो मागच्या मागे बाहेर सरकतो. सर्वांत अवघड काम नांग्या सोडवण्याचे, कारण नांगीतले जाड स्नायू तिच्या मुळाच्या अरुंद सांध्यातून ओढून काढावे लागतात. त्यासाठी ते स्नायू कात टाकण्यापूर्वीच आक्रसतात. टाकलेल्या कातीत डोळ्यांचे आवरण, कल्ल्यांचे अस्तर, इतकेच नव्हे तर जठरातले अन्न दळणारे दातही असतात. अनेकदा खेकडा ही कात स्वतःच खातो आणि त्यातले कॅल्शियम परत मिळवतो.

नवे कवच कडक होईपर्यंत अंगात मांसापेक्षा पाणी जास्त असते. रश्श्यासाठी फोडलेला खेकडा ‘पोकळ’ निघतो तो बहुधा यामुळे. अमावास्येचा खेकडा भरलेला आणि पौर्णिमेचा पोकळ, ही कोकणातली समजूत भरती-ओहोटीच्या किनाऱ्यावर निदान तपासून पाहण्याजोगी आहे. वाशीमच्या नाल्याला ती लावण्याचे कारण दिसत नाही.

कात केव्हा टाकायची हे संप्रेरकांवर ठरते. वाय-अवयव नावाच्या ग्रंथी एक्डिसोन स्रवतात आणि कातीची तयारी सुरू होते. डोळ्याच्या देठातील ग्रंथीचे संप्रेरक या स्रावाला आवर घालते. डोळ्याचे देठ काढल्यास खेकडा लवकर कात टाकतो, हे झेलेनी यांनी १९०५ मध्येच नोंदवले होते. पिल्ले वारंवार कात टाकतात. वय वाढते तसे दोन कातींमधले अंतर लांबत जाते. तुटलेल्या पायाच्या जागी आधी घडी घातलेला अंकुर येतो, तो पुढच्या कातीत उलगडतो. पहिल्या खेपेस नवी नांगी लहानच असते, म्हणून एक नांगी बारीक असलेला खेकडा जन्मतः तसा असेलच असे नाही. कवचच टाकून दिले जात असल्यामुळे माशाच्या खवल्यावरून काढतात तसे खेकड्याचे वय काढता येत नाही.

प्रौढत्व पाहायचे तर खेकडा उताणा करावा. छातीखाली दुमडलेले उदर नरात अखेरपर्यंत अरुंद राहते. मादीचे उदर लहानपणी जवळपास तसेच असते. पुढे प्रत्येक कातीला रुंदावत ते शेवटी छातीचा बहुतेक भाग झाकते आणि त्याखालच्या उपांगांवर अंडी धरण्यासाठी केस येतात. नराची एक नांगी दुसरीपेक्षा बरीच मोठी होते. अंडाशय व वृषण पक्व होणे ही वेगळी गोष्ट. बाह्य बदलाशी तिचा मेळ दर वेळी बसतोच असे नाही.

खाडीतली मोठी चिंबोरी लाखांनी अंडी घालते आणि तिच्या अळ्या समुद्रात तरंगत वाढतात. ओढ्यातल्या मादीची अंडी थोडी, फार तर काहीशे, पण मोठी व बलकाने भरलेली असतात. अळीच्या अवस्था अंड्यातच उरकतात आणि बाहेर येतात ते पूर्ण घडलेले चिमुकले खेकडे. ते काही दिवस आईच्या उदराखालीच राहतात. या काळात मादीला कात टाकता येत नाही, कारण कातीबरोबर अंडीही जातील. प्रत्येक वीण म्हणजे तिच्यासाठी थांबलेली वाढ. पावसाळ्यात पोटाखाली पिल्ले घेतलेली मादी पकडली गेली तर एका प्राण्याबरोबर तिची त्या हंगामाची सारी वीण टोपलीत जाते.

जात ओळखण्यासाठीही प्रौढत्व महत्त्वाचे आहे. नराच्या उदराखाली लपलेल्या पहिल्या जोडीच्या जननोपांगाचा आकार हा मुख्य निकष मानतात. पश्चिम घाटातून २०१६ मध्ये पाच नव्या जातींची नोंद झाली, त्या कामातही हाच अवयव तपासावा लागला. पिल्लात तो पुरता घडलेला नसतो आणि मादीत तो नसतोच, त्यामुळे एका टोपलीतल्या बऱ्याच खेकड्यांची जात केवळ पाहून खात्रीने सांगता येत नाही.